कॉफीच्या आधीचा तास

सकाळी थायरॉइडची गोळी घेतली की कॉफीसाठी एक तास थांबायचं. कुंभकोणमात हा तास काढणं किती अवघड आहे, ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. उजाडायच्या आधीपासून गल्लीतल्या घराघरांत फिल्टरची झाकणं वाजू लागतात. डिकॉक्शनचा, फिल्टरमधून उतरणाऱ्या काळ्या अर्काचा, वास एका खिडकीतून निघून दुसऱ्या खिडकीत शिरतो. समोरचे गृहस्थ ओट्यावर बसून टंबलरमधली कॉफी दवऱ्यात, म्हणजे खालच्या पसरट वाटीत, आणि दवऱ्यातली टंबलरमध्ये हातभर उंचीवरून ओतत असतात, आणि आपण पाण्याचा रिकामा पेला धरून घड्याळाकडे पाहायचं.

मी रिकामी बसणारी बाई नाही. एका शाळेचं ऑफिस सांभाळते. घरात फ्रिजच्या दारावर माझ्या याद्या असतात: आजची, आठवड्याची, आणि कोणी विचारू नये अशी एक. त्या तासात मी अंगण झाडते, कोलम म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी काढते, डबे भरते. तरी शेवटची थोडी मिनिटं उरतातच. ती कुठल्याही यादीत बसत नाहीत. त्या वेळी मी दारात उभी राहते आणि डावीकडच्या चौथ्या घराकडे पाहते. त्या घराला आता कुलूप आहे. पूर्वी त्या ओट्यावर, इथे त्याला तिण्णै म्हणतात, सेतू अक्का बसलेल्या असायच्या. त्यांचाही तोच तास चाललेला असायचा.

डॉक्टर सेतूबाई. गाव त्यांना 'डॉक्टर अम्मा' म्हणे, आम्ही सेतू अक्का. मराठे तंजावरला राज्य करायला आले तेव्हा त्यांच्याबरोबर जी कुटुंबं आली आणि इथलीच झाली, त्यांतलं एक त्यांचं आणि एक माझ्या सासरचं. मी कोल्हापूरची, लग्न होऊन आले. घरात बोलतात ती मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा पणजोबांची जुनी पत्रं कोणीतरी मोठ्याने वाचतंय असं वाटलं होतं. 'मज', 'तुज', 'येथें', 'कोठें', आणि अधूनमधून तमिळचे खडे. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की सगळे तमिळवर येतात.

अक्का उंचीने कमी, आवाजाने जास्त. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, केसांत जाईचा गजरा, चष्मा दोरीने गळ्यात. स्टेथोस्कोप एका साडीच्या दुकानाच्या कापडी पिशवीत असे, आणि त्याच पिशवीत विड्याची पानं. लग्न केलं नव्हतं. का, असं कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "मुलगा पाहायला आला तेव्हां मी त्याची नाडी पाहिली. तो घाबरून गेला." खरं-खोटं त्यांनाच ठाऊक.

दवाखाना म्हणजे घराची पुढची खोली. सगळेच आजार पाहायच्या, पण थायरॉइडचे रोगी आसपासच्या खेड्यांतूनही त्यांच्याकडे यायचे. रिपोर्ट हातात घेऊन माणूस आत आलं की अक्का कागद घ्यायच्या, एकदा वरून खाली पाहायच्या, आणि पालथा घालून ठेवायच्या. मग म्हणायच्या, "कागद बरा आहे. तूं कशी आहेस?" कागद बरा नसला तर म्हणायच्या, "कागद बरा नाहीं. तूं कशी आहेस?" दुसरा प्रश्न कधी चुकला नाही. आकडा जागेवर असूनही बाई थकलेली असू शकते, आणि त्या थकव्याला दुसरंच काही कारण असू शकतं, हे त्या धरून चालायच्या. रक्तातलं लोह पाहायच्या, झोप विचारायच्या, नवऱ्याबद्दलही विचारायच्या.

माझा थायरॉइड चाळिशीत बिघडला. अक्का चार घरांवर असून मी आधी दुसरीकडे गेले. घराशेजारचा डॉक्टर आपल्याला पुरेसा डॉक्टर वाटत नाही, दुसरं कारण नाही. तिथे दोनदा डोस वाढवला गेला, तरी टीएसएचचा आकडा खाली येईना. केस हातात यायचे, पाय जड. शेवटी सासूबाईच मला हाताला धरून अक्कांकडे घेऊन गेल्या. सासूबाईंना आम्ही सगळे अम्मा म्हणतो. अम्मा आणि अक्का एका बाकावर शिकलेल्या मैत्रिणी. एकमेकींना टोमणे मारल्याशिवाय दोघींना जेवण गोड लागत नसे.

अक्कांनी कागद पाहिला, पालथा घातला.

"सकाळीं उठून पहिलें काय करत्येस, तें सांग."

मला क्रमवार सांगता येतं. उठते, तोंड धुते, गोळी घेते, कोलम काढते...

"थांब. गोळी कशी घेत्येस?"

मी बोलायच्या आत अम्मा पुढे सरसावल्या. "मी दित्यें. ही विसरेल म्हणून दवऱ्याच्या कांठावर गोळी ठेवूनच टंबलर हातांत दित्यें. एक दिवस चुकला नाहीं, सेतू."

अक्कांनी चष्मा काढला. "कॉफीबरोबर?"

"पहिल्या डिकॉक्शनची," अम्मा अभिमानाने म्हणाल्या.

अक्का इतक्या हसल्या की बाहेर बसलेले रोगी आत डोकावले. "अय्यो! पहिल्या डिकॉक्शनची! मग ती गोळी काय काम करील? बाहेर बसल्येत ना, त्यांतल्या अर्ध्या बायांचा हाच आजार आहे. गोळीचा नव्हे, कॉफीचा."

अम्मांचा चेहरा उतरला. अक्कांना ते दिसलं असावं. त्यांनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि त्या दिवशी आम्हा दोघींना जे समजावलं, ते मी नंतर शाळेतल्या कितीतरी जणींना सांगितलं आहे.

"हें बघ. मेंदू म्हणजे सासू. गळ्यांतली ग्रंथी म्हणजे सून. सून कामाला हळू पडली की सासूचा आवाज चढतो. हा टीएसएच आहे ना, तो सासूचा आवाज. म्हणून काम कमी झालें की हा आंकडा वर जातो. लोक उलटें समजतात. आंकडा वाढला म्हणजे थायरॉइड वाढला म्हणतात."

"आणि गोळी कोण?" अम्मांनी विचारलं.

"सुनेच्या मदतीला ठेवलेली बाई. ती रोज सकाळीं दाराशीं येत्ये, आणि तूं तिला कॉफी पाजून दारांतूनच परत पाठवत्येस."

आता अम्माही हसल्या. मी विचारलं, "आणि आवाज अगदीच बंद झाला तर? आकडा फार खाली गेला तर?"

"तर मदतनीस बाई जास्त काम करत्ये. सासूला बोलायला जागाच उरली नाहीं. तेंही वाईट गे. छाती धडधडत्ये, झोंप उडत्ये, वर्षानुवर्षें तसें राहिलें तर हाडें ठिसूळ होतात. सासूनें थोडें बोललेलें बरें असतें."

"ऐकलेंस?" अम्मा माझ्याकडे वळून म्हणाल्या.

अक्कांनी माझा डोस वाढवला नाही, उलट पहिल्याइतका खाली आणला. "आतां गोळी खरीच पोटांत जाणार. वाढवलेली तशीच घेतलीस तर घोड्यासारखी धावशील." साध्या पाण्याबरोबर घ्यायची, मग तासभर कॉफी नाही, आणि कॅल्शियमची गोळी असेल तर ती रात्री. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त. त्या आकड्याप्रमाणे त्यांनी थोडा बदल केला, पुन्हा सहा आठवडे थांबवलं, आणि मग माझं गाडं रुळावर आलं. अम्मांनी दवऱ्याच्या काठावर गोळी ठेवणं सोडलं. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपलीही कॉफी माझ्याबरोबर तासभर पुढे ढकलली, आणि याबद्दल आजतागायत एक शब्द बोललेल्या नाहीत.

हे सहा आठवडे अक्कांचे फार लाडके होते. नाचियारकोविलचे एक दिवे ओतणारे गृहस्थ त्यांच्याकडे यायचे. मोठ्या समया करायचे, हात पितळेसारखेच पिवळट. त्यांना धीर म्हणून नव्हता. डोस बदलला की आठवड्याच्या आत रक्त तपासून आणायचे, तेही दर वेळी वेगळ्या लॅबमध्ये, आणि आकडा पाहून गोळी स्वतःच अर्धी किंवा दीड करायचे. एकदा मी दवाखान्याच्या बाकावर बसले असताना अक्कांनी त्यांना सर्वांदेखत फैलावर घेतलं. तमिळमध्ये विचारलं, "साच्यात पितळ ओतल्यावर तुम्ही काय करता?"

"गार होऊ देतो, अम्मा."

"लगेच उघडून बघत नाही, कसं झालंय ते?"

ते गृहस्थ दुखावल्यासारखे म्हणाले, "असं कोण करेल? दिवा बिघडेल."

"मग माझा दिवा का उघडता दर आठवड्याला?"

सगळा बाक हसला. पुढच्या खेपेला ते सहा आठवडे भरून आले, एकाच लॅबचा कागद घेऊन, सकाळची गोळी घ्यायच्या आधी दिलेल्या रक्ताचा. बरोबर एक लहानशी कामाक्षी-समई होती. अक्कांनी ती टेबलावर ठेवली आणि कोणी फार घाई केली की नुसतं तिच्याकडे बोट दाखवायच्या.

माझ्याशी त्यांना मराठी बोलायची हौस होती. "तुझी मराठी पेपरांतली," असं म्हणून चिडवायच्या, आणि मग हळूच विचारायच्या, "तुमच्याकडे ह्याला काय म्हणतात?" एकदा त्या कोणाच्या तरी लग्नाला पुण्याला जाऊन आल्या होत्या. ती हकीकत त्यांनी मला एकदाच सांगितली, त्या सकाळच्या तासात, ओट्यावर. दुकानात त्या मराठी बोलायच्या आणि दुकानदार त्यांना हिंदीत उत्तर द्यायचा. "मी पुन्हां बोलल्यें, तो पुन्हां हिंदींत. शेवटीं मींच हिंदी बोलल्यें. येथें आम्ही मराठे, तेथें आम्ही मद्रासी." मग घड्याळ पाहून म्हणाल्या, "चल, वेळ झाली. कॉफी पी जा." मला काहीतरी बोलायचं होतं, पण त्या उठून आत गेल्याही.

आता रेवतीचं सांगते. रेवती माझी धाकटी जाऊ. तिलाही थायरॉइडची कमतरता, लग्नाच्या आधीपासूनची. लग्नानंतर दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पहिल्या तीन महिन्यांतच बाळ गेलं. घरात कोणी तिला बोललं नाही, पण बोललं नाही म्हणून दुःख कमी होत नाही. ती स्वयंपाकघरात पाठ करून उभी राहू लागली. दिराने तिला खूप जपलं. अम्मा तिला तिरुक्करुगावूरला गर्भरक्षांबिकेच्या देवळात घेऊन गेल्या, प्रसादाचं तूप आणलं. आणि एके दिवशी तिला अक्कांसमोर आणून बसवलं. मी बरोबर होते.

अक्कांनी कागद पालथे घातले. "तूप खा. रात्रीं खा. सकाळच्या गोळीपासून लांब ठेव, बस्स. आतां सांग, दोन्ही वेळां दिवस गेल्याचें तुज कधीं कळलें?"

"पाळी चुकली तेव्हांच, अक्का."

"आणि मज कधीं कळलें?"

रेवतीने मान खाली घातली. अक्कांना कळलं होतं ते सगळं संपल्यावर.

आमच्या घरची रीत अशी की तिसरा महिना पुरा होईपर्यंत बाहेर अवाक्षर काढायचं नाही. दृष्ट लागते. सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत. अक्का अम्मांकडे वळल्या. "डॉक्टरलाही सांगायचें नाहीं?"

"डॉक्टर म्हणजे तूं," अम्मा म्हणाल्या. "तूं म्हणजे ही गल्ली. तुझ्या तिण्णैवर बसलेल्या बाया म्हणजे सगळें कुंभकोणम. तुझ्या दारांत पाऊल ठेवलें की दुपारपर्यंत तलावापलीकडे बातमी."

यात खोटं काही नव्हतं. बाहेरच्या बाकावर आत्ताही पाचसहा जणी कान देऊन होत्या.

अक्कांनी आवाज उतरवला. "पहिलीं दोन कशानें गेलीं, तें मज ठाऊक नाहीं. कोणीच नक्की सांगूं शकत नाहीं. रेवती, तूं कांहीं चुकलीस असें मनांत आणूं नको. पण एक दार उघडें राहिलें आहे, तें आपण बंद करूं. बाळाची ग्रंथी तयार होईपर्यंत तें आईचेंच हार्मोन वापरतें. पहिल्या दिवसापासून घरांत जेवणारीं दोन, आणि स्वयंपाक एकटीचा. म्हणून गोळी तेव्हांच वाढवावी लागत्ये. तीन महिन्यांनीं सांगितलेंस तर मी काय करूं?"

 अम्मा भिंतीकडे पाहत होत्या. मला वाटलं, आता दोघींचं भांडण होणार. अक्का रागावल्या असत्या तर अम्मा उठून गेल्या असत्या आणि रीत आणखी घट्ट झाली असती. पण अक्कांनी रीतीला हातच लावला नाही.

"बोलूं नको," त्या म्हणाल्या. "तोंडांतून एक शब्द काढूं नको. दारांत पाऊलही ठेवूं नको. पाळी चुकली की, कोलम काढायला बाहेर याल तेव्हां माझ्या उंबऱ्यावर एक लिंबू ठेवा. लिंबाला काय दृष्ट लागत्ये? तेंच तर दृष्ट काढतें. बाकीचें मी बघीन."

अम्मांनी मानही हलवली नाही. आम्ही घरी आलो.

त्यानंतरचे महिने कसे गेले ते मी मांडत बसत नाही. अक्कांनी रेवतीचा आकडा आधीच हवा तिथे आणून ठेवला होता. आम्ही सगळे आपापल्या कामात होतो, आणि सगळे एकाच गोष्टीची वाट पाहत होतो. 

मग एका सकाळी मोहरी तडतडली आणि रेवती पदर नाकाशी धरून परसात गेली. मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिने कॉफी अर्धी ठेवली. मी काही विचारलं नाही. विचारायचं नव्हतंच. पण ती लिंबू ठेवेल का, याची मला खात्री नव्हती. ती इतकी भेदरलेली होती की उंबरा ओलांडायलाही कचरायची. आणि अम्मा ठेवतील, असं तर माझ्या मनातही आलं नाही. म्हणून पुढल्या पहाटे मी फ्रिजमधून एक चांगलं लिंबू निवडलं, पुसलं, छोट्या पिशवीत घातलं, आणि कोलम काढायला बाहेर गेले तेव्हा अक्कांच्या उंबऱ्यावर ठेवून आले. अंधारात तिथे आणखी काही आहे का, ते मी पाहिलंही नाही.

उजाडल्यावर अक्कांनी ओट्यावरून हाक मारली. "येथें ये गे."

त्यांच्या ओच्यात तीन लिंबं होती.

"हें कुंकू लावलेलें तुझ्या सासूचें," त्या एकेक उचलून म्हणाल्या. "कुंकू लावल्याशिवाय ती पोस्टाचें तिकीटही चिकटवत नाहीं. हें देठाला पान असलेलें रेवतीचें, तुमच्या परसांतलें, अंधारांत घाईनें तोडलेलें. आणि हें तुझें. लिंबाला पिशवी घालून वर गांठ मारणारी ह्या गांवांत दुसरी कोण आहे?"

मी तिन्ही लिंबं हातात घेऊन पाहिली.

"बाळ एक आहे की तीन?" अक्का म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांनी चष्मा पुसला. दोनदा पुसला.

त्याच दिवशी त्या भाजी मागायच्या निमित्ताने आमच्या मागच्या दाराने आल्या. रेवतीचं रक्त घेतलं. तिची नेहमीची गोळी तशीच ठेवून आठवड्यातले दोन दिवस दोन-दोन घ्यायला सांगितल्या. मला बजावलं, "हें हिचें आहे, हिच्या आंकड्यांवरून. शाळेंत जाऊन दुसऱ्या कोणाला सांगूं नको." जाताना अम्मांना भाजी कशी करतात ते विचारलं. अम्मांनी सांगितलं. दोघी मैत्रिणी एकमेकींकडे पाहत भाजीबद्दल बोलल्या. दुपारी अक्कांकडून पातेलंभर चित्रान्न आलं, लिंबाचा पिवळाधमक भात. कशाबद्दल, असं कोणी विचारलं नाही. आम्ही तिघी जेवलो.

तिसरा महिना पुरा होईपर्यंत आमच्या घरात त्या गोष्टीचा उच्चार झाला नाही. पण ठरल्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात एका पितळी वाटीत दोन गोळ्या असत, शेजारी पाण्याचा पेला, आणि स्टोव्ह बंद. अम्मा तिथे नसत. देवघरात जोरजोरात काहीतरी म्हणत असत. दर चार आठवड्यांनी अक्का मागच्या दाराने यायच्या, रक्त घ्यायच्या. एकदा डोस आणखी थोडा वाढवला. एकदा कागद पाहून नुसतं म्हणाल्या, "सासूचा आवाज गोड झाला आहे," आणि अम्मांनी त्यांना लाटणं दाखवलं.

मुलगी झाली. अक्का तिला पाहायला पुढच्या दाराने आल्या, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, गजरा माळून. पाळण्यात वाकून म्हणाल्या, "काय गे लिंबू, कशी आहेस?" मग रेवतीचा डोस पुन्हा पूर्वीइतका केला, सहा आठवड्यांनी या म्हणाल्या, आणि दोन टंबलर कॉफी प्यायल्या. बाळाचं पत्रिकेतलं नाव वेगळं आहे. गल्लीत ती लिंबूच राहिली.

ती चालायला लागली तेव्हा सकाळचा तो तास ओट्यावर आमच्या तिघींचा झाला. अक्का, मी, आणि आमच्या पायांत घुटमळणारी लिंबू. अक्का तिला स्टेथोस्कोप द्यायच्या. ती तो आधी खांबाला लावायची. "खांब कसा आहे?" अक्का विचारायच्या. "बरा आहे," ती म्हणायची. "आणि तूं कशी आहेस?" यावर ती पोट पुढे काढून दाखवायची.

त्या दिवसांतच केव्हातरी अक्का बारीक व्हायला लागल्या. आधी वाटलं, वय आहे. मग बाक संध्याकाळचा बंद झाला. मग दिवसाआड. जुन्या रोग्यांना बोलावून त्या प्रत्येकाला समजावून देऊ लागल्या, तुमचा डोस हा, रक्त केव्हा, काय झालं तर कोणाकडे जायचं. नाचियारकोविलचे गृहस्थ बाहेर येऊन डोळे पुसत उभे राहिले. त्यांना विचारलं तर म्हणाले, "डॉक्टर अम्मांनी समई परत दिली. म्हणाल्या, घरी लावा."

मी एकदा सरळ विचारलं. मला गोष्टी सरळ विचारायची सवय आहे. "अक्का, तुमचे रिपोर्ट काय म्हणतात?"

"माझा थायरॉइड उत्तम आहे," त्या म्हणाल्या.

"ते नाही विचारत."

"मग तें विचारूं नको गे."

कोइमतूरला त्यांचा भाचा होता. तो येऊन सामान बांधून गेला. तिथे मोठं इस्पितळ जवळ आहे, थोडे दिवस राहीन, हवा बदलेल, पोंगलला परत येईन, असं अक्का सगळ्यांना सांगत होत्या. आवाज नेहमीचा. लोकांनी विश्वास ठेवला. मीही ठेवला. त्या परत यायच्या आधी त्यांच्या घराची कौलं पाहून घ्यायची, असं मी यादीत लिहूनही ठेवलं.

जायच्या दिवशी पहाटेच गाडी आली. अक्का आमच्याकडे आल्या, मागच्या दाराने, आणि स्वयंपाकघरात पाटावर बसल्या. अम्मा फिल्टरजवळ होत्या. डिकॉक्शन नुकतं उतरत होतं.

"दे," अक्का म्हणाल्या.

अम्मा घड्याळाकडे पाहू लागल्या. "गोळी केव्हां घेतलीस?"

"आत्तां. दे."

"तास व्हायचा आहे, सेतू."

"एका दिवसानें कांहीं होत नाहीं. मी डॉक्टर आहें."

अम्मांनी कॉफी दिली. पहिल्या डिकॉक्शनची. इतक्या वर्षांत त्या तासात अक्कांना कॉफी पिताना आम्ही पाहिलं नव्हतं. त्या ती सावकाश, दवऱ्यात ओतून गार करत, शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या. रेवती दाराशी उभी होती, कडेवर लिंबू, अर्धवट झोपेत.

आम्ही सगळ्या रस्त्यावर आलो. प्रवासाला निघताना इथे गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवतात आणि गाडी त्यांवरून पुढे नेतात. ड्रायव्हरची ती ठेवून झाली होती. अक्का गाडीजवळ गेल्या, एक हात बॉनेटवर टेकून वाकल्या आणि पुढच्या चाकाखालचं एक लिंबू काढून घेतलं.

"डॉक्टर अम्मा, दृष्ट..." ड्रायव्हर म्हणाला.

"तीन पुरेत," त्या तमिळमध्ये म्हणाल्या.

मला वाटलं, पोरीला खेळायला देणार. त्या तिच्याकडे गेल्या नाहीत. सावकाश चालत आमच्या दाराशी आल्या. माझा कोलम अजून काढायचा होता. नुसतं सडा घातलेलं ओलं अंगण. ते ओलांडून त्यांनी आमच्या उंबऱ्यावर लिंबू ठेवलं, मधोमध. पदराने पुसून ठेवलं. मग गुडघ्यावर हात देऊन उभ्या राहिल्या.

अम्मांनी डोळे मिटले. रेवतीने माझा दंड धरला. तोंडाने सांगायचं नाही ते लिंबाने; आम्हा तिघींनाही ते वाचता येत होतं.

मी पुढे झाले.  अक्कांनीच माझा हात घेतला, मनगटाशी, नाडी पाहतात तसा, आणि तसाच धरून ठेवला.

"तूं कशी आहेस?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे, अक्का."

"बरें."

त्या गाडीत बसल्या. चाकांखालची तीन लिंबं एकामागून एक फुटली. गाडी वळणापर्यंत गेली तेव्हा त्यांचा हात खिडकीबाहेर होता. हलवत नव्हत्या, नुसता बाहेर ठेवला होता. मग वळण आलं.

अम्मा आत गेल्या आणि तांदळाच्या पिठाचा डबा घेऊन आल्या. कोलम रोज मी काढते. त्या दिवशी त्यांनी माझ्या हातात डबा दिला नाही. गुडघे दुखत असताना खाली बसल्या, आणि उंबऱ्यावरच्या लिंबाला धक्का न लावता त्याच्याभोवती एकेक ठिपका मांडू लागल्या.